खळ्यातला बूफो

इसवी सनापूर्वी २९ साल. अ‍ॅक्टियमची लढाई जिंकून आणि इजिप्तचं राज्य घशात घालून ऑक्टेव्हियन इटलीत परतला होता. पुढं रोममध्ये विजययात्रा काढायची होती, पण घशानं दगा दिला. घसा बरा होईपर्यंत त्यानं नेपल्सजवळच्या अतेल्ला गावी मुक्काम केला आणि तिथं व्हर्जिलनं त्याला आपलं नवं काव्य वाचून दाखवलं. वाचन सलग चार दिवस चाललं. व्हर्जिलचा आवाज थकला की त्याचा आश्रयदाता मेसिनस पुढच्या ओळी वाचायला घेई. व्हर्जिलच्या प्राचीन चरित्रात ही हकिकत आली आहे.

काव्याचं नाव ‘जॉर्जिक्स’. दोन हजारांहून जास्त ओळी आणि विषय शेती: नांगर, बियाणं, द्राक्षवेली, गुरं, मधमाश्या. रोमचा नवा धनी खळं कसं करावं ते ऐकत बसला होता.

खळ्याचं वर्णन पहिल्याच भागात येतं. जड रूळ फिरवून जागा सपाट करा, माती हातानं मळा, चिकट खडूमातीनं ती घट्ट करा, असं कवी सांगतो. एवढं केलं नाही तर गवत उगवतं, जमीन भुसभुशीत होऊन तडकते आणि नाना उपद्रवी मंडळी येऊन तुमची फजिती करतात. एवढासा उंदीर खाली घर आणि कोठार थाटतो. आंधळा मोल हा प्राणी बिळं कोरतो. धान्याच्या राशीत सोंडे होतात. म्हातारपणी उपास पडू नये म्हणून मुंगी दाणे पळवते. या यादीत मध्येच, अर्ध्या ओळीत, आणखी एक जण डोकावतो. तो जमिनीतल्या पोकळ्यांमध्ये सापडतो आणि त्याचं नाव ‘बूफो’.

बूफो म्हणजे भेक. आपण बोलताना सरसकट बेडूकच म्हणतो. जीवशास्त्राच्या पुस्तकांनी मात्र खडबडीत, चामखिळीसारख्या फोडांच्या अंगाचा, फारशा उड्या न मारणारा आणि पाण्यापासून लांब राहणारा तो ‘भेक’ अशी वाटणी केली आहे. संस्कृतात भेक म्हणजे साधा बेडूकच. लॅटिनमध्ये ही वाटणी कशी झाली, त्याची कथा त्या अर्ध्या ओळीपासून सुरू होते. कारण अभिजात लॅटिनचं जे साहित्य आपल्यापर्यंत पोचलं, त्यात बूफो हा शब्द तेवढ्या एकाच जागी येतो.

शहरात न आलेला शब्द

मुळात एवढा मोठा कवी या प्राण्यापर्यंत गेला कशाला?

कारण तो काळच तसा होता. इटली वर्षानुवर्षं यादवी युद्धात होरपळली होती. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये फिलिपीची लढाई झाली आणि तिच्यानंतर हजारो सैनिकांना बक्षिसी म्हणून जमिनी द्यायच्या होत्या. त्या जमिनी आल्या कुठून, तर चालत्या शेतकऱ्यांच्या हातून काढून घेतलेल्या. क्रेमोना आणि मान्तुआ या भागांना त्याची झळ बसली. व्हर्जिल मान्तुआजवळच्या आन्देस गावचा. जप्त झालेली शिवारं आणि परागंदा झालेली माणसं त्याच्या आधीच्या काव्यातही आहेत. अशा वेळी शेतीवर कविता लिहिणं हा नुसता निसर्गाचा सोस नव्हता. मातीशी तुटलेलं नातं पुन्हा जोडण्याची ओढ तिच्यात होती. म्हणून या काव्यात गावाकडचा तपशील येतो आणि त्या तपशिलाबरोबर गावाकडचे शब्दही येतात.

रोमन लोकांकडे शेतीवरची गद्य पुस्तकं आधीपासून होती. केटोच्या पुस्तकात खळ्याची कृती दिली आहे. जमीन खणा, तिच्यावर ऑलिव्हचं तेल गाळताना खाली उरणारं काळं कडू पाणी शिंपडा, ते भरपूर मुरू द्या, ढेकळं फोडा, सपाट करा, धुम्मसानं ठोका आणि पुन्हा तेच पाणी शिंपडा. मग मुंग्या लागत नाहीत आणि गवतही उगवत नाही. आपल्याकडे खळं शेणानं सारवतात, तिकडे हा तेलघाण्याचा गाळ. व्हॅरोही तोच उपाय सांगतो. पण बूफोचं नाव या दोघांपैकी कुणीही काढत नाही.

शब्दाच्या अंगावरही गावच्या खुणा आहेत. अस्सल रोमन लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये ‘फ’ सहसा टिकत नाही. त्याच्या जागी ‘ब’ किंवा ‘द’ येतो. आजूबाजूच्या ऑस्कन, उंब्रियन वगैरे बोलींमध्ये मात्र तो ‘फ’ राहिला. तांबड्या रंगाचे दोन लॅटिन शब्द पाहा: ‘रुबेर’ आणि ‘रूफुस’. मूळ एकच. पहिला शहरातला आणि दुसरा बोलीतून आत आलेला. बूफो हा या ‘रूफुस’च्या जातकुळीतला. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं स्लाव्ह भाषांतल्या ‘झाबा’ या शब्दाशी जोडतात. ‘झाबा’ म्हणजे कुठं बेडूक, कुठं भेक. थोडक्यात, इटलीतल्या खेड्यापाड्यांत बूफो शेकडो वर्षं नांदत होता. त्याला लिहायच्या योग्यतेचं तेवढं कुणी मानलं नव्हतं.

विषाचं नाव रुबेता

मग शिकलेले रोमन लोक भेकाला म्हणत तरी काय? साध्या बेडकाला ‘राना’ आणि भेकाला ‘रुबेता’. ‘रुबुस’ म्हणजे काटेरी झुडूप आणि त्या झुडपात राहणारी ती रुबेता. पण रुबेता म्हटलं की रोमन माणसाला झुडूप आठवत नसे, विष आठवत असे.

थोरल्या प्लिनीनं इसवी सन ७७ च्या सुमारास आपला ‘निसर्गेतिहास’ सादर केला. त्यात तो सांगतो की रुबेता सगळ्या बेडकांत मोठी, तिला दोन शिंगांसारखे उंचवटे असतात आणि ती विषानं भरलेली असते. डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथी ज्यानं पाहिल्या आहेत, त्याला ही शिंगं कुठून आली ते लगेच कळेल. ग्रीक लोक हिला ‘फ्रूने’ म्हणतात, हेही प्लिनी जाता जाता नोंदवतो. हा शब्द लक्षात ठेवायला हवा, पुढं त्याचं काम पडणार आहे.

नंतर प्लिनी ऐकीव गोष्टींकडे वळतो. रुबेता सभेत आणली तर सगळे गप्प होतात. तिच्या उजव्या कुशीतलं हाडूक उकळत्या पाण्यात टाकलं तर पाणी थंड पडतं आणि हाडूक काढेपर्यंत पुन्हा उकळत नाही. शेतकऱ्यांचा एक तोडगाही त्यानं लिहून ठेवला आहे. वरीसारखं बारीक धान्य पेरलेल्या शेताभोवती रात्री रुबेता फिरवायची आणि मडक्यात कोंडून शेताच्या मधोमध पुरायची. मग पाखरं आणि अळ्या पिकाला लागत नाहीत. पण ते मडकं आठवणीनं उकरून काढायचं, नाहीतर दाणा कडू होतो. ज्या जीवाला व्हर्जिल खळ्यातला उपद्रव म्हणतो, तोच इथं पिकाचा राखणदार आहे.

पुढच्या पिढीत ज्युव्हेनल आला. रोमच्या अधःपातावर त्यानं जळजळीत उपहासकाव्यं लिहिली. त्याच्या पहिल्याच काव्यात बड्या घरची एक बाई दिसते. नवऱ्याला तहान लागली की ती कालेस गावची सौम्य मदिरा पुढं करते आणि तिच्यात रुबेता कालवलेली असते. नवऱ्याचं काळं पडलेलं प्रेत लोकांच्या कुजबुजीतून बाहेर कसं काढायचं, याचेही धडे ती शेजारणींना देते. नेरोच्या काळात विषं बनवणारी लुकुस्ता कुप्रसिद्ध होती. तिच्याहून ही सरस, असं ज्युव्हेनल बजावतो. आणखी एका काव्यात तो रुबेतेच्या फुप्फुसाचा उल्लेख करतो. सारांश, रुबेता हा शब्द कुजबुजीचा होता, खूनखराब्याचा होता. बूफोच्या वाट्याला खळ्यातला एखादा खड्डा आला होता, रुबेतेच्या वाट्याला अख्खं रोम.

कोणीही म्हणालं असतं की या दोघांत टिकणार ती रुबेताच. झालं उलटंच.

शाळेनं वाचवलं

बूफोला वाचवलं ते शाळेतल्या पोरांनी. व्हर्जिल हा रोमन शाळेतला मुख्य कवी. त्याच्या ओळी घोकल्याशिवाय लॅटिन आलं असं कुणी मानत नसे. पोरं अडखळली की गुरुजींना अर्थ सांगावा लागे. इसवी सन ४०० च्या आसपास सर्व्हिअस नावाच्या व्याकरणकारानं व्हर्जिलच्या समग्र काव्यावर टीका लिहिली. बूफोपाशी आल्यावर त्यानं दोन-चार शब्दांत काम उरकलं: जमिनीवर राहणारा, फार मोठा बेडूक. एकदाच आलेल्या शब्दाला अशी व्याख्या चिकटली आणि व्हर्जिलच्या पोथ्यांबरोबर तीही युरोपभर फिरली.

रुबेतेला हे भाग्य लाभलं नाही. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरनं आपल्या शब्दकोशवजा ग्रंथात काटेरी झुडपातल्या मोठ्या बेडकांना रुबेताच म्हटलं आहे. पण पुढं पुढं मठांमधल्या लेखकांच्या लेखणीतून बूफो जास्त उतरू लागला.

यातली गंमत अशी की लोकांच्या तोंडी तोवर दोन्ही शब्द उरले नव्हते. लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या मोठ्या भाषांनी आपापली वेगळी सोय करून घेतली. फ्रेंचमध्ये ‘क्रापो’, इटालियनमध्ये ‘रोस्पो’, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘सापो’. जो शब्द फक्त खेडुतांच्या तोंडी होता, तो आता फक्त पंडितांच्या पोथीत उरला.

पोथीत गेल्यावर बूफोची भरभराट झाली, पण बदनामीही त्याच प्रमाणात झाली. तेराव्या शतकात तोमास द कांतांप्रेनं निसर्गावर कोश रचला. त्यात भेक कृमींच्या प्रकरणात आहे. रुबेतेचं सगळं विष वारसाहक्कानं बूफोला मिळालं. चर्चच्या भिंतींवर आणि चित्रांमध्ये तो पापाचं, कुजण्याचं प्रतीक होऊन बसला. चेटकिणींच्या कढईतही त्याची जागा पक्की झाली.

लाल कापडावरची एक रात्र

विषारी जीवाच्या डोक्यात विषावरचा उताराही असला पाहिजे, ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. नागमणी आपण ऐकलेला आहे. युरोपात तसाच भेकमणी होता. आल्बेर्टुस माग्नुसनं तेराव्या शतकात खनिजांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढं त्याला बूफोवरूनच ‘बूफोनाइट’ म्हणू लागले. गोल, गुळगुळीत, तपकिरी खडा. तो अंगठीत बसवत आणि विष जवळ आलं की तो तापतो किंवा रंग बदलतो असं मानत. ज्यांच्या ताटात विष पडण्याची भीती होती त्या धनवंतांच्या बोटांत अशा अंगठ्या असत. त्यांतल्या काही आजही युरोपातल्या संग्रहालयांमध्ये आहेत.

मणी मिळवायची रीतही ठरलेली होती. म्हातारा भेक पकडायचा आणि लाल कापडावर ठेवायचा. रंग पाहून तो खूश होतो आणि मणी ओकतो. तो लगेच उचलायचा, नाहीतर भेक पुन्हा गिळून टाकतो.

ब्रूजच्या आन्सेल्मुस द बोट या माणसानं तरुणपणी हा प्रयोग करून पाहिला. पुढं तो प्रागला सम्राट दुसरा रुडॉल्फ याचा वैद्य झाला आणि १६०९ मध्ये रत्नांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ही आठवण आहे. त्यानं एक म्हातारा भेक लाल कापडावर ठेवला आणि रात्रभर त्याच्यासमोर बसून राहिला. सकाळ झाली. भेकानं काहीही ओकलं नव्हतं. त्या रात्रीपासून द बोट या मण्याच्या सगळ्या कथांना थाप समजू लागला. शेकडो वर्षं पंडित एकमेकांच्या पोथ्यांतून बूफो उतरवून घेत होते. इथं एका पोरानं प्रत्यक्ष बूफोकडे टक लावून पाहिलं. विज्ञानाची सुरुवात अशा जागरणांतूनही झाली आहे.

मणी होता तरी काय? १७२३ मध्ये पॅरिसच्या आंत्वान द ज्युसिअनं दाखवून दिलं की हे खडे माशांचे दात आहेत, दगड झालेले. डायनोसॉरच्या काळातल्या लेपिडोटिस नावाच्या माशाचे ते दात, हे पुढं स्पष्ट झालं. भेकाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

पण जुनी समजूत एका रात्रीत मरत नाही. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्मोंटनं प्लेगवर लिहिताना भेकाचं औषध सांगितलं आणि त्या ग्रंथाची टिपणं काढली ती खुद्द आयझॅक न्यूटननं. भेकाला पायांना दोरी बांधून तीन दिवस धुराड्यात टांगायचं. खाली पिवळ्या मेणाचं तबक ठेवायचं. भेक माती आणि किडे ओकून मरतो. त्याची पूड त्या वांतीत कालवून वड्या करायच्या आणि रोग्याच्या अंगावर बांधायच्या. काट्यानं काटा काढायचा तसा विषानं विष खेचायचा हा हिशेब. गुरुत्वाकर्षणाचा विचार करणाऱ्या माणसाच्या हस्ताक्षरातली ही टिपणं २०२० मध्ये, ऐन करोनाच्या साथीत, लिलावात आली. तेव्हा जग त्यांना हसलं. हसणाऱ्यांच्या घरी तेव्हा कोणकोणते काढे उकळत होते, ते ज्याचं त्याला ठाऊक.

जगभर पसरलेलं आडनाव

अठराव्या शतकात बूफोला तिसरा जन्म मिळाला. स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं जगातल्या सगळ्या सजीवांना दोन-दोन शब्दांची लॅटिन नावं द्यायला घेतली. १७५८ च्या आवृत्तीत त्यानं युरोपातल्या भेकाचं नाव ठेवलं ‘राना बूफो’. राना हे कुळाचं नाव, बूफो हे त्याचं स्वतःचं. म्हणजे लिनिअसच्या लेखी भेक हा बेडकाचाच एक प्रकार होता. या सगळ्या वर्गाबद्दल त्याला प्रेम नव्हतंच. थंड अंग, घाणेरडी कातडी, कर्कश आवाज असे दोष त्यानं त्याच ग्रंथात मोजून दाखवले. असले प्राणी देवानं फारसे घडवले नाहीत, त्याचं कारणही हेच, असं त्यानं लिहिलं.

दहा वर्षांनी, १७६८ मध्ये, व्हिएन्नाच्या योझेफ लॉरेंटीनं भेकांची वेगळी चूल मांडून दिली. बूफो हे आता एका जातीचं नाव राहिलं नाही. ते कुळाचं नाव झालं, आपल्या भाषेत सांगायचं तर आडनाव.

त्या काळात जहाजं भरभरून प्राणी युरोपात येत होते, स्पिरिटच्या बाटल्यांत बुडवलेले. खडबडीत कातडीचा, डोळ्यांमागे ग्रंथी असलेला कोणताही जीव आला की विद्वान त्याच्या नावाआधी बूफो लावत. १७९९ मध्ये जर्मनीच्या श्नायडरनं हिंदुस्थानातून आलेल्या एका भेकाचं नाव ठेवलं ‘बूफो मेलानोस्टिक्टस’, म्हणजे काळ्या ठिपक्यांचा. पहिल्या पावसात रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून किडे गिळणारा, पोर्चमध्ये पायाखाली येता येता वाचणारा तो आपला नेहमीचा भेक हाच. व्हर्जिलच्या खळ्यातला शब्द असा महाराष्ट्राच्या अंगणात आला आणि पुढं दोनशे वर्षं प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो पाठ केला. १९६३ मध्ये कोयनेच्या खोऱ्यात एक नवी जात सापडली. सोमण यांनी तिचं नाव ठेवलं ‘बूफो कोयनायेन्सिस’. लॅटिन आडनाव आणि सातारी गाव.

हा शब्द रसायनशास्त्रातही शिरला. ज्युव्हेनलच्या बाईनं मदिरेत काय कालवलं होतं, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळू लागलं. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन एबल आणि डेव्हिड माक्ट यांनी १९११ च्या सुमारास उष्ण कटिबंधातल्या एका भेकाचं विष तपासलं. त्यात त्यांना चक्क अ‍ॅड्रिनलिन सापडलं आणि त्याच्या जोडीला हृदयावर डिजिटॅलिस या औषधासारखा परिणाम करणारं दुसरं एक द्रव्य. त्याला त्यांनी ‘बूफाजिन’ म्हटलं. पुढं बूफोटॉक्सिन, बूफोटेनिन, बूफालिन अशी रांगच लागली. रोमन कुजबुजीत तथ्य होतं: भेकाचं विष हृदय थांबवू शकतं. फक्त ते फुप्फुसात नव्हतं, कातडीत होतं.

१९४७ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या कार्लोस गाल्ली मायनिनीनं ‘बूफो आरेनारुम’ला दवाखान्यात कामाला लावलं. बाईची लघवी नर भेकाला टोचायची. ती गरोदर असेल तर काही तासांत भेकाच्या मूत्रात शुक्रजंतू दिसतात. तोवरच्या बऱ्याच चाचण्यांना दिवस दिवस लागत आणि त्यांत प्राणी मारावे लागत. इथं भेक जिवंत राही आणि पुन्हा उपयोगी पडे. ज्याला युरोपनं मृत्यूचं चिन्ह मानलं, तो आता बाळ येणार असल्याची वर्दी देत होता.

ऊस, हुमणी आणि शंभर भेक

याच शब्दाच्या इतिहासात एक मोठी चूकही आहे. ‘बूफो मारिनस’ हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला दांडगा भेक. ‘मारिनस’ म्हणजे समुद्रातला. लिनिअसनं हे नाव एका छापील चित्रावर विसंबून दिलं होतं. हा प्राणी समुद्रात राहत नाही. नाव चुकीचं पडलं तरी कीर्ती पसरली. पोर्तो रिकोच्या उसाच्या मळ्यांत तो किडे फस्त करतो, असं १९३२ च्या ऊसतज्ज्ञांच्या परिषदेत मांडलं गेलं आणि मळेवाल्यांनी त्याला बेटाबेटांवर नेलं.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात ऊस वाळत होता. आपल्याकडे ऊसवाले जिला हुमणी म्हणतात, तशीच अळी मुळं कुरतडत होती. जून १९३५ मध्ये रेजिनाल्ड मंगोमेरीनं हवाईहून सुमारे शंभर भेक गॉर्डनव्हेलला आणले. ते तळ्यात वाढवले आणि ऑगस्टपासून त्यांची २४०० पिल्लं मळ्यांत सोडली. वॉल्टर फ्रॉगट या जुन्या कीटकतज्ज्ञानं हा भेक उद्या केवढा उपद्रव होईल ते ओरडून सांगितलं. त्याच्यामुळं काही काळ बंदी आली, पण १९३६ मध्ये ती उठली.

फसगत साधी होती. हुमणी राहते जमिनीखाली आणि भुंगेरे बसतात उसाच्या शेंड्यावर. जमिनीवर बसणाऱ्या भेकाच्या जिभेला दोन्ही लागत नाहीत. शिवाय कोवळ्या उसात दिवसा सावली नसते, म्हणून भेकांनी मळेच सोडले. ऑस्ट्रेलियात मुळात भेकांच्या कुळातली एकही जात नव्हती. त्यामुळं तिथले क्वोल नावाचे मांसाहारी प्राणी, घोरपडी, साप यांना या विषाची ओळख नव्हती. त्यांनी भेक तोंडात धरले आणि मेले. आज त्या शंभरांचा वंश वीस कोटींच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. व्हर्जिलनं बूफोला शेतकऱ्याच्या उपद्रवांत मोजलं, प्लिनीच्या शेतकऱ्यांनी त्याला राखणदार म्हणून मडक्यात पुरलं. क्वीन्सलँडच्या ऊसवाल्यांनी प्लिनीचं ऐकलं, पण मडकं उकरून काढायची सोय ठेवली नाही.

आडनाव गेलं

विसाव्या शतकाच्या शेवटी बूफो हे आडनाव अडीचशेच्या आसपास जाती लावत होत्या. आर्क्टिक वर्तुळाजवळच्या नॉर्वेपासून आफ्रिका, अमेरिका, भारत, जावापर्यंत. एका नावाचा फायदा खरा होता. व्हिएन्ना, ब्युनॉस आयर्स आणि मुंबईतले अभ्यासक एकमेकांशी बोलू शकत होते. तोटा असा की सगळे भेक एकाच छापाचे वाटू लागले. तो भ्रम डीएनएनं फोडला. २००६ मध्ये डॅरेल फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या उभयचरांची वंशावळ नव्यानं मांडली. तेव्हा दिसलं की बूफो म्हणवणाऱ्यांपैकी बहुतेकांचं एकमेकांशी जवळचं नातंच नाही. मग वाटण्या झाल्या. उत्तर अमेरिकेतले बरेच भेक ‘अ‍ॅनाक्सिरस’ झाले आणि ऑस्ट्रेलियात धुमाकूळ घालणारा पुढं ‘राइनेला’त गेला. आपल्या अंगणातल्या भेकाला नवं कुळ मिळालं, ‘दत्ताफ्रायनस’. ओडिशाचे उभयचरतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवलं गेलं.

२००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी कोयनेच्या भेकालाही बाहेर काढलं. त्याच्याबरोबर सिंधुदुर्गातल्या आंबोलीची एक नवी जात जगापुढं आणली आणि दोघांसाठी कुळ केलं ‘झँथोफ्राइनी’, म्हणजे पिवळा भेक. आंबोलीच्या भेकाच्या अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असतात. पाऊस सुरू झाला की कातळावर साचलेल्या वीतभर पाण्यात त्याची वीण चालते. एवढ्याशा टापूत तो राहतो, म्हणून जगातल्या अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

या नव्या नावांच्या शेपटाकडे पाहा: ‘फ्रायनस’, ‘फ्राइनी’. हा तोच ग्रीक शब्द आहे, जो प्लिनीनं जाता जाता नोंदवला होता. प्राचीन अथेन्समध्ये एका लावण्यवती गणिकेला लोक फ्रूनेच म्हणत. तिचं खरं नाव म्नेसारेते. फिकट पिवळट कांतीमुळं तिला हे नाव पडलं, असं प्लुटार्क सांगतो. सौंदर्यवतीला भेक म्हणणाऱ्या ग्रीकांच्या लहरीतला तो शब्द आता आंबोलीच्या कातळावर डबक्यात बसला आहे, तोही पिवळाच.

आणि बूफो? त्याच्याकडे आता दोन डझनांच्या आसपास जाती उरल्या आहेत, मुख्यतः युरोपात आणि आशियाच्या काही भागांत. रुबेता तर शब्दकोशात गेली. रोममध्ये जिच्या नावानं नवरे दचकत होते, तिचं नाव आता कुणी घेत नाही. मान्तुआच्या शिवारात मात्र तो जाडा, खडबडीत, संध्याकाळी बिळातून बाहेर येणारा भेक आजही आहे. प्राणिशास्त्राच्या नियमात कुळाचं आणि जातीचं नाव एकच असलेलं चालतं, म्हणून त्याचं अधिकृत नाव तसंच ठेवलं आहे. व्हर्जिलनं आयुष्यात एकदाच उच्चारलेला शब्द त्या प्राण्याला हाक मारताना आता दोनदा उच्चारावा लागतो: बूफो बूफो.